सीताबर्डी : भूमी आणि पूर्वेतिहास

सीताबर्डी : महाराष्ट्र राज्यातील नागपूर शहराच्या मध्यभागी असलेली एक जोड टेकडी व तिच्या पायथ्याशी वसलेली पेठ. ही टेकडी २१° ९′ उ. अक्षांश व ७९° ५′ पू. रेखांश यांच्या आसपास असून दक्षिणोत्तर पसरलेली आहे. तिच्या दक्षिण टोकाचा उंचवटा मोठा, तर उत्तर टोकाचा लहान आहे. या दोन उंचवट्यांमध्ये सु. पावणेतीनशे मीटरांचे अंतर असून ते एका अरुंद खांद्याने जोडलेले आहेत. मोठ्या टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला आहे. जुन्या नागपूर नगराची तटबंदी टेकडीच्या पूर्वेस सु. एक ते दीड कि.मी. अंतरावर होती. त्यामुळे सीताबर्डी हा नागपूरचा भाग असूनही नगराबाहेरचा मानला जाई. सांप्रत शहराची व्यापारी हालचाल याच भागात केंद्रित झालेली असली, तरी ही स्थिती अलीकडची आहे. टेकडीभोवतीच्या वस्तीचा पूर्वेतिहास मुख्यतः तेथील भूमीच्या स्वरूपावरून घडलेला आहे.

भूमी : नागपूर शहर दोन अगदी भिन्न प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेस दक्षिण ट्रॅपचा काळा खडक पसरला असून पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन असे पट्टिताश्म व तत्सम स्फटिकी खडक उघडे पडलेले दिसतात. पश्चिमेकडील भूमी सपाट माथ्याच्या बुटक्या टेकड्यांची व उंचसखल आहे. पूर्वेकडील भूमी कन्हान व वैनगंगा यांच्या खोऱ्यांकडे सावकाश उतरत जाते. सीताबर्डीची टेकडी म्हणजे ट्रॅपच्या या पूर्व किनाऱ्यावर झिजून उरलेला एक तुकडा होय. सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठातील भेगांवाटे बाहेर पडलेला लाव्हा थरांवर थर साचून हा खडक बनला. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात उथळ तळी व दलदली निर्माण झाल्या आणि त्यांच्या तळाशी गाळ साचला. पुढील लाव्ह्याने तो गाळ झाकून टाकला. या गाळाच्या पातळ थरांस अंतरा-ट्रॅपी थर असे म्हणतात. गोड्या पाण्यातील शंख-शिंपल्यांचे व वनस्पतींचे जीवाश्म त्यांत सापडतात.

नागपूर परिसरातील या थरांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम वेधले ते स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर भागात आला. शाळा चालविणे व धर्मप्रसार हे त्याचे मुख्य काम होते. फावल्या वेळात त्याने नागपूरच्या टेकड्या, नाले व खाणी धुंडाळल्या. शहराच्या वायव्येकडील टाकळी येथील अंतरा-ट्रॅपी थरांतून त्याने जीवाश्म गोळा केले. त्याच्या व हंटरच्या निरीक्षणांवर आधारलेला प्रबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात सीताबर्डीच्या टेकडीचाही विचार आहे. माथ्यावरचा गोट्यागोट्यांचा ट्रॅप, त्याखालचा गाळाचा पातळ थर, त्याखालचा सच्छिद्र ट्रॅप आणि आसपास उघडा पडलेला पट्टिताश्म असा खडकांचा क्रम येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळत असे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचे निरीक्षण करून परतत असता हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावला. नागपूरच्या प्रसिद्ध महाविद्यालयास त्याचेच नाव दिलेले आहे. १८१७ च्या युद्धात दक्षिणेतील इंग्रज सैन्याचा सरसेनापती असलेला सर टॉमस हिस्लॉप हा निराळा. स्थानिक लेखनात या दोघांची अधूनमधून गल्लत होते.

सीताबर्डीच्या माथ्यावरील ट्रॅप झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटतो. त्याचे गोल गोटे व मुरूम होतो. मुरमाखाली थोड्याच खोलीवर घट्ट पाषाण लागतो. असल्या जागी कुदळ चालत नाही आणि पाणीही ठरत नाही. टेकडीच्या दक्षिणेने नाग नदी वाहते. शहराच्या पश्चिमेकडील लाव्हा गावच्या उंचवट्यांत उगम पावणारी ही लहानशी नदी अंबाझरीच्या बाजूने पूर्वेकडे येते, जुन्या नगरातून जाते व पुढे तिचे पाणी कन्हान नदीस मिळते. नागपूरला नाव या नदीवरूनच पडले, असे सामान्यतः मानले जाते. टेकडी व जुने नगर यांच्या दरम्यानचा भाग सखल असून तेथे जुम्मा तलाव आहे. त्यास शुक्रवार तलाव असेही नाव होते. सांप्रत तो गांधीसागर म्हणून ओळखला जातो. पश्चिमेस तेलंखेडीपर्यंत मोकळे माळरान होते. एका बाजूस नगर व तलाव, दुसऱ्या बाजूस माळ आणि मध्ये ही उघडी टेकडी, अशी जुन्या सीताबर्डीची भूरचना होती.

नाव : सीताबर्डी या नावाविषयी निरनिराळ्या समजुती आहेत. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद नावाचे दोन गवळी बंधू येथे प्रबळ होते व त्यांच्या नावांवरून ‘शीतलाबद्री’ आणि पुढे ‘सीताबर्डी’ असे नाव झाले, अशी एक कथा सांगितली जाते. दोन माणसांची नावे जोडून स्थलनाम सिद्ध करण्याची ही रीत लोककथांत सर्वत्र आढळते. तिला स्वतंत्र आधाराची जोड असल्याखेरीज इतिहासात स्थान देता येत नाही. नावाचा उत्तरार्ध समजण्यास खरे तर कथेची गरज नाही. नागपूर-वर्धा भागातील शेतकरी जमिनीचे काळी, मोरंड, खरडी, बरडी असे प्रकार करतात आणि जमीनमहसुलाच्या कागदपत्रांतही हीच नावे घेतलेली आहेत. काळी ही खोल व कसदार जमीन. मोरंड तिच्याखालोखाल, चुनखडीचे खडे मिसळलेली. खरडी उथळ व फिकट. बरडी म्हणजे उंचवट्यावरची, गोट्यांची व मुरमाची जमीन होय. शेतकरी ती सर्वांत हलकी मानतात. टेकडीचे वर्णन एवढ्या एका शब्दात पुरेपूर आले आहे. नावाच्या पूर्वार्धातील ‘सीता’ रामकथेतील सीतेवरून आली असावी, असा समज आहे. रामटेकच्या परिसरात हा संबंध लोकमानसास सहज सुचण्यासारखा आहे. इंग्रजी कागदपत्रांत या नावाचे ‘सीताबल्डी’, ‘सीताबुल्डी’ असे लेखन रूढ झाले व त्या लिपीतून ते पुन्हा काही मराठी पाट्यांवरही आले. नागपूरचे रहिवासी मात्र पेठेस नुसते ‘बर्डी’ म्हणतात आणि खरेदीस निघालेला मनुष्य ‘बर्डीवर’ जातो. टेकडी चढण्याचा प्रसंग त्यास येत नसला, तरी शब्दातील चढ कायम राहिला आहे.

प्राचीन काळ व गोंड राजवट : नागपूरच्या आसपास जुनापाणी, टाकळघाट इ. ठिकाणी महापाषाणयुगीन शिलावर्तुळे आहेत. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन हीही रामटेकजवळच होती. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या देवळी ताम्रपटात (शके ८६२, इ. स. ९४०) ‘नागपूर-नंदिवर्धन’ असा विषयाचा म्हणजे प्रांताचा उल्लेख येतो. त्यावरून नागपूर हे नाव किमान एक हजार वर्षांचे आहे, असे दिसते. सीताबर्डीचा वेगळा उल्लेख मात्र एवढ्या जुन्या काळी नाही.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर नगराची स्थापना केली. १७०२ हे वर्ष त्यासाठी रूढ आहे. नगरापूर्वी येथे ‘राजापूर बारसा’ या नावाने ओळखली जाणारी बारा लहान खेडी होती. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या त्यांच्या यादीत हिवरी, लेंढरा, फुटाळा, सक्करदरा, भानखेडा इत्यादींबरोबर सीताबर्डीचेही नाव आहे. यांपैकी कित्येक खेडी नगरात विरून गेली व काहींची नावे वस्त्यांच्या रूपाने उरली. सीताबर्डी नगरात सामील झाली नाही. बख्त बुलंदाचा वारस चांद सुलतान याने राजधानी नागपूरला आणली, नगरास तट बांधला व जुम्मा तलाव करविला. तट व तलाव दोन्ही टेकडीच्या पूर्वेस राहिले. नगररचना करणाऱ्यास सखल, पाण्याची व सुपीक जमीन हवी होती. बरडाची टेकडी तटाच्या आत घेण्याचे त्यास कारण दिसले नाही. तटाच्या पश्चिमेकडील जुम्मा दरवाजा, म्हणजे पुढचा गांधी दरवाजा, सीताबर्डीच्या रोखाने होता. नगर व टेकडी यांचा संबंध या दरवाज्यापुरताच होता.

भोसले काळ : चांद सुलतान सु. १७३९ मध्ये मरण पावला व वारसाहक्काचा तंटा उद्‌भवला. त्याच्या विधवा राणीने वऱ्हाडातील मराठा सरदार रघूजी भोसले यास मदतीस बोलाविले. तंटा मिटविण्यास आलेल्या रघूजीने १७४३ च्या सुमारास नागपूर येथेच आपले ठाणे केले. गोंड राजास नावापुरते पद व तनखा ठेवून सत्ता भोसल्यांनी आपल्या हाती घेतली. भोसल्यांच्या वैभवकाळात नगर वाढले आणि तटाबाहेर पुरे व बागा झाल्या. सीताबर्डीच्या पश्चिमेकडील महाराजबाग व तेलंखेडी येथील तलाव-बाग ही याच राजवटीची स्मारके होत. टेकडीच्या पायथ्याशी मातीच्या घरांची व झोपड्यांची वस्ती होती. लहान टेकडीच्या लगत भोसल्यांच्या सेवेतील अरब शिपायांचे एक खेडेच होते. तटाबाहेरच्या या वस्तीस संरक्षण नव्हते. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी नागपूरपर्यंत धाव घेऊन नगराबाहेरचे पुरे जाळले, तेव्हा ही उणीव उघड झाली. तरीही टेकडीवर गढी अथवा चौकी बांधण्यात आली नाही.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पराभव झाल्यावर दुसऱ्या रघूजीने (कार. १७७२–१८१६) १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह केला. या तहान्वये कटक व वऱ्हाडचा पश्चिम भाग गेला आणि नागपूर दरबारी इंग्रज रेसिडेंट ठेवणे भाग पडले. मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन हा पहिला रेसिडेंट होय. त्याच्यानंतर रिचर्ड जेंकिन्स आला व दीर्घकाळ राहिला. रेसिडेन्सीसाठी नगरापासून काहीशी दूर अशी जागा, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीची पश्चिम बाजू, मिळाली. परकी वकिलात तटाबाहेर ठेवण्यात दरबारची सोय होती. मोकळी हवा व माळरान ही रेसिडेंटची सोय होती. या व्यवस्थेने दरबार व रेसिडेन्सी यांच्यामध्ये टेकडी आली, ही गोष्ट त्या वेळी कोणास महत्त्वाची वाटली नसावी.

सीताबर्डीची लढाई : दुसरा रघूजी मार्च १८१६ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा परसोजी हा राज्यकारभारास असमर्थ असल्याने चुलतभाऊ आप्पासाहेब (मुधोजी भोसले) याच्याकडे कारभार आला. आपले आसन स्थिर करण्यासाठी आप्पासाहेबाने मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. रघूजीने अखेरपर्यंत टाळलेली गोष्ट अशा रीतीने त्याच्या मृत्यूनंतर दोन-तीन महिन्यांत घडून आली. फेब्रुवारी १८१७ च्या आरंभी परसोजीचा खून झाला व आप्पासाहेब गादीवर बसला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी पुण्याजवळ खडकी येथे पेशव्याची व इंग्रजांची लढाई जुंपली. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबाने पेशव्याकडून आलेली सेनासाहेब सुभा या पदाची वस्त्रे समारंभाने स्वीकारली. पेशव्याशी युद्ध चालू असता ही वस्त्रे घेणे म्हणजे इंग्रजांशी वैर पतकरणे होते.

तैनाती फौजेचा तळ तेलंखेडीच्या बाजूस होता. जेंकिन्सने ती फौज रेसिडेन्सीजवळ आणविली आणि दोन्ही टेकड्या ताब्यात घेतल्या. टेकडीवर भोसल्यांचे ठाणे नसल्याने तीस विरोध झाला नाही. पुढील लढाईतील पहिली व कदाचित निर्णायक चूक हीच होती. लेफ्टनंट कर्नल होपटन स्कॉट याच्या हाताखाली मद्रास पायदळाच्या २० व्या व २४ व्या पलटणी, बंगालच्या ६ व्या रिसाल्याचे तीन तुरूप, रेसिडेंटचा रक्षकवर्ग व काही तोफा मिळून तेराशे-चौदाशे माणसे होती. भोसल्यांकडे सु. १८,००० फौज, तीत तीन-चार हजार अरब व ३६ तोफा असल्याचे सांगतात. हे आकडे विजेत्यांच्या कागदपत्रांतील असल्याने शत्रुसंख्या फुगविलेली असण्याची शक्यता आहे. तथापि दोन्ही पक्षांच्या बळात मोठी तफावत होती, याविषयी शंका नाही.

टेकडीवर गेलेल्या सैन्यास प्रथम गाठले ते तेथल्या बरडाने. खडक वरच असल्यामुळे खंदक खणता येईनात. शेवटी गव्हाची व पिठाची पोती रचून आडोसे करण्यात आले. पायथ्याची घरे टेकडीच्या अगदी कडेपर्यंत आलेली होती. त्यांच्या भिंतींआडून व छपरांवरून वर गोळी लागू शके. लहान टेकडी या वस्तीस अधिक जवळ व अधिक उघडी होती. तिचा बचाव २४ व्या पलटणीकडे होता. २६ नोव्हेंबर १८१७ रोजी सूर्यास्ताच्या सुमारास पायथ्याच्या अरबांच्या खेड्यातून गोळीबार सुरू झाला व तो मध्यरात्रीनंतरही चालू राहिला. लहान टेकडीवरील कॅप्टन सॅडलर मारला गेला. पहाटे मारा पुन्हा वाढला. २७ च्या सकाळी अरबांनी धाव घेऊन लहान टेकडी जिंकली व तेथे सापडलेली तोफ मोठ्या टेकडीवर रोखली. दोन टेकड्यांमधले अंतर इतके थोडे, की एकीवरचा मारा दुसरीस सोसवेना. रेसिडेंटचा मुख्य सहायक जॉर्ज सोदबी या लढाईत ठार झाला.

याच वेळी पश्चिमेकडील माळावर भोसल्यांचे घोडदळ रेसिडेन्सीच्या आवारास वेढा आवळीत होते. तेथे उभ्या असलेल्या रिसाल्याचा नायक कॅप्टन फिट्झजेराल्ड याने हल्ल्याची परवानगी वारंवार मागितली व स्कॉटने ती नाकारली. अखेर फिट्झजेराल्डने स्वतःच्या जबाबदारीवर चाल केली. समोरचे घोडदळ उधळले गेले. दोन तोफा हाती आल्या व त्या उलट फिरविण्यात आल्या. टेकडीवरून हे दृश्य स्पष्ट दिसत होते. थोड्याच वेळात लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला, अरबांत गोंधळ माजला आणि इंग्रजांच्या शिपायांनी संगिनी लावून ती टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली. सु. अठरा तासांच्या या झुंजीत इंग्रज पक्षाचे मृत व जखमी मिळून ३६७ लोक पडले, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा.

भोसल्यांच्या पराभवाची कारणे शौर्याच्या अभावात शोधता येत नाहीत; अरबांनी टेकडी घेऊन दाखविलीच होती. मनभट व गणपतराव सुभेदार या सेनानायकांच्या तुकड्यांत एकसूत्रता नव्हती. पायदळ टेकडीशी झुंजत असता माळावरचे विस्तीर्ण घोडदळ बहुतांशी पाहत राहिले. राजा स्वतः लढाईस उघड मान्यता देण्याच्या मनःस्थितीत नव्हता. हल्ला आपल्या आज्ञेवाचून झाला, असे त्याने मागाहून कळविले. संकट ओढवून घ्यावे आणि त्याचा पुरस्कारही करू नये, असे हे वर्तन होते.

या लढाईची एक बाजू मराठी लेखनात सहसा येत नाही. टेकडी राखणारे बहुसंख्य लोक इंग्रज नसून मद्रास इलाख्यातील शिपाई होते. २४ वी पलटण ही १८०६ मध्ये वेल्लोर येथे झालेल्या बंडामुळे नाव गमावलेल्या पहिल्या पलटणीतील लोकांची होती. सीताबर्डीच्या विजयानंतर तिच्या शिपायांनी बक्षीस म्हणून आपला जुना क्रमांक परत मागितला व तो त्यांस मिळाला. ‘सीताबर्डी’ हा शब्द पुढे पलटणींच्या निशाणांवर रणसन्मान म्हणून लागला. पायथ्याचे अरब, माळावरचे मराठे, टेकडीवरचे मद्रासी व बंगालचा रिसाला असे नाना देशींचे लोक एका लहानशा उंचवट्यासाठी परस्परांस भिडले होते.

तह व किल्ला : १२ डिसेंबर १८१७ रोजी जनरल डव्हटनची फौज नागपुरास पोहोचली. १६ डिसेंबरला आप्पासाहेब रेसिडेंटच्या स्वाधीन झाला आणि त्याच दिवशी सक्करदऱ्याजवळ त्याच्या सैन्याचा मोड झाला. नगरातील अरबांनी मात्र शस्त्रे ठेवली नाहीत. २४ डिसेंबर रोजी इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर केलेला हल्ला त्यांनी परतविला. ३० डिसेंबरला अटी ठरवून ते नगराबाहेर पडले. जानेवारी १८१८ मधील तात्पुरत्या करारान्वये आप्पासाहेबाने नर्मदेकडील व इतर प्रदेश सोडले. याच करारात सीताबर्डीच्या टेकड्या, तेथील बाजार व लगतची पुरेशी जमीन इंग्रजांच्या हद्दीत घालून तेथे लष्करी बांधकाम करण्याची मुभा त्यांस देण्यात आली. मोठ्या प्रदेशांच्या यादीत हे कलम किरकोळ वाटते. परंतु नागपूरच्या दृष्टीने तेच सर्वांत जाचक होते. राजधानीच्या दरवाज्यासमोर, तोफेच्या टप्प्यात, परक्या सत्तेची भूमी निर्माण झाली. ज्या खेड्यास नगराच्या तटात जागा मिळाली नव्हती, ते आता राज्याच्याही बाहेर गेले.

नव्या कटाच्या आरोपावरून मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबास कैद झाली. उत्तरेकडे नेत असता मे महिन्यात तो पहाऱ्यातून निसटला. महादेव डोंगरातील गोंडांच्या आश्रयाने त्याने काही काळ लढा चालविला. पुढे तो लाहोरकडे व अखेर जोधपूरला गेला. तेथेच १८४० मध्ये त्याचा मृत्यू झाला. नागपूरच्या गादीवर अल्पवयी तिसऱ्या रघूजीस बसविण्यात आले व कारभार १८२६ पर्यंत जेंकिन्सच्या हाती राहिला. याच वर्षांत सीताबर्डीवर किल्ला उभा राहिला. १८२१ मध्ये कामठी येथे छावणी झाल्यावर फौजेचा मुख्य भाग तिकडे गेला, तरी किल्ल्यात शिबंदी कायम होती. मराठेशाहीतील इतर किल्ल्यांशी याची तुलना करणे योग्य नव्हे. तो प्रदेशाच्या रक्षणासाठी नसून एका शहरावर नजर ठेवण्यासाठी बांधलेला होता. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघूजी निपुत्रिक वारला. दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये राज्य खालसा करण्यात आले. त्यासाठी किल्ल्यातून एकही तोफ डागावी लागली नाही.

किल्ल्याचा खरा उपयोग १८५७ मध्ये झाला. १३ जून रोजी रात्री नगरातून आकाशात अग्निगोलक सोडताच टाकळीच्या अनियमित रिसाल्याने उठाव करावयाचा, असा बेत होता. पायदळास फितविण्यास गेलेला दफेदार पकडला गेला व बेत फसला. रेसिडेन्सी भागातील युरोपीय कुटुंबे सुरक्षित जागी हलविण्यात आली आणि किल्ल्यावरील तोफा सज्ज झाल्या. भोसले घराण्यातील वृद्ध राणी बाकाबाई हिने आपले वजन इंग्रजांच्या बाजूने खर्च केले. उठावात सामील झालेल्या काही मुसलमान पुढाऱ्यांस फाशी देण्यात आली. किल्ल्यातील नऊ कबरी त्यांच्याच असे परंपरा सांगते व त्या स्थानास ‘नवगज अली बाबा’ या नावाने ओळखले जाते.

१८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, तेव्हा सरकारी कचेऱ्या व बंगले टेकडीच्या पश्चिमेस व वायव्येस वसले. १८६७ मध्ये मुंबईहून आलेल्या लोहमार्गाने टेकडीची पूर्व बाजू व्यापली. जुने नगर व सीताबर्डी यांच्या दरम्यानची जमीन सखल व मोकळी असल्याने रुळांस तेथे वाट मिळाली. १८७७ मध्ये सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिलही जुम्मा तलावाजवळ याच पट्ट्यात उभी राहिली. अशा रीतीने शहराचे गुरुत्वमध्य शंभर वर्षांच्या आत तटाच्या आतून तटाबाहेर सरकले. कचेरीतील कारकून, वकील व रेल्वेचे नोकर यांच्या गरजांवर सीताबर्डीची पेठ वाढली. मोदी गल्ल्या, मेन रोड व पुढे त्यांच्या टोकांचे चौक गजबजले. टेकडीच्या उतारावर, रेल्वे स्थानकाजवळ असलेले गणेशमंदिर ‘टेकडीचा गणपती’ म्हणून प्रसिद्ध आहे. २०१९ पासून सुरू झालेल्या नागपूर मेट्रोच्या दोन मार्गांचा छेदही सीताबर्डी स्थानकातच होतो.

टेकडीपासून जवळच शून्य मैलाचा दगड आहे. तेथील खांब भारताचा मध्यबिंदू दर्शवितो, अशी समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः तो १९०७ मधील भारतीय सर्वेक्षण खात्याचा उंची मोजण्याचा प्रमाणबिंदू असून समुद्रसपाटीपासून १०२०·१७१ फूट (सु. ३११ मी.) ही उंची त्यावर कोरलेली आहे. महात्मा गांधींना १९२३ मध्ये एप्रिल-मे महिन्यांत सीताबर्डीच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते, ही गोष्टही अशीच वारंवार सांगितली जाते. मार्च १९२२ मध्ये शिक्षा झाल्यापासून गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते व फेब्रुवारी १९२४ मध्ये पुण्यातूनच सुटले; तेव्हा ही तारीख टिकत नाही. त्या उन्हाळ्यात नागपुरात झेंडा सत्याग्रह चालू होता व असंख्य सत्याग्रही पकडले जात होते. या स्मृतींची सरमिसळ झाली असावी.

किल्ला स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याकडे आला व तेथे प्रादेशिक सेनेच्या पलटणीचे ठाणे झाले. एरवी बंद असलेला हा किल्ला प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन व स्वातंत्र्यदिन या तीन दिवशी लोकांस पाहण्यासाठी उघडण्याची प्रथा आहे. त्या दिवशी वर जाणाऱ्यास तटावरून पूर्वेस रेल्वेचे रूळ व त्यापलीकडे जुने नगर, पश्चिमेस महाराजबागेची झाडी व खाली पेठेची छपरे दिसतात. तटाच्या पायाशी मुरमातून वर आलेले काळे गोटेही दिसतात.